कुठल्या सैन्याचे सेनापती?

बारावी झाली, डिग्री झाली की आपल्या गडहिंग्लजची निम्मी पोरं पुण्याची गाडी पकडतात. तुमचाही एखादा मित्र आता तिकडं असेलच. फोनवर तो सांगतो, एसबी रोडला इंटरव्ह्यू होता, एसबी रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो. मुंबईला गेलेली मैत्रीण सांगते, ऑफिस लोअर परळला, सेनापती बापट मार्गावर. दोन्ही रस्ते एकाच माणसाच्या नावाचे. पण एसबी म्हणजे कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर सेनापती बापट इथवर येऊन थांबतं. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. सेनापती म्हणजे कुठल्या सैन्याचे? लढाई कुठली? आणि जिंकली की हरली?

सैन्य होतं भातशेती करणाऱ्या मावळ्यांचं. लढाई होती एका धरणाशी. आणि ती ते हरले. तरीही त्या लढाईनं दिलेलं सेनापती हे नाव त्यांना आयुष्यभर चिकटलं, इतकं की पांडुरंग महादेव बापट हे खरं नाव मागं पडलं. ही गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. एक तर ती तुमच्याच वयाच्या एका हुशार विद्यार्थ्यापासून सुरू होते. आणि दुसरं म्हणजे, तिच्यातला प्रश्न आजही आपल्या आजरा-चंदगड-गडहिंग्लजच्या डोंगरात जिवंत आहे.

शिष्यवृत्ती मिळाली आणि गेली

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती साधारणच. पण पोरगा अभ्यासात तल्लख. मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यानं मिळवली आणि १९०० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. आपल्याकडं गावातून शहरातल्या कॉलेजात गेलेल्या पोराकडून घरचे जे धरून चालतात, तेच त्यांच्याही घरी धरलं असणार. शिकेल, साहेब होईल, घर वर काढेल.

पण त्या काळचं पुणं म्हणजे चापेकर बंधूंची फाशी ताजी असलेलं पुणं. कॉलेजात असतानाच बापटांनी तलवारीवर हात ठेवून देशासाठी लढायची शपथ घेतली. विशी ओलांडली न ओलांडली असं ते वय. त्या वयात शपथा बरेच जण घेतात. बापटांनी ती पाळली.

बी.ए. झाल्यावर त्यांना विलायतेत शिकायला आणखी एक शिष्यवृत्ती मिळाली. १९०४ साली ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला पोचले. विषय होता मेकॅनिकल इंजिनीअरिंग. महागावच्या नाहीतर कोल्हापूरच्या कॉलेजात तुमच्यातले जे कोणी मेकॅनिकल करताय, त्यांनी इथं जरा थांबावं. हा माणूस यंत्रांना घाबरणारा नव्हता, विज्ञानाचा वैरी तर नव्हताच. वाफेचं इंजिन कसं चालतं, टर्बाइन कशी फिरते, हे शिकायला तो सातासमुद्रापार गेला होता. पुढं एका वीजप्रकल्पाच्या विरोधात तो जेव्हा उभा राहिला, तेव्हा त्याला वीज म्हणजे काय हे नीट ठाऊक होतं.

एडिंबरोत त्यांनी इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानची काय दशा झाली आहे, यावर जाहीर सभेत परखड मांडणी केली. परिणाम व्हायचा तोच झाला, शिष्यवृत्ती बंद. परक्या देशात, खिशात पैसे नाहीत, शिक्षण अर्धवट. ते लंडनला आले. श्यामजी कृष्ण वर्मांच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांशी गाठ पडली. तिथून पॅरिस. तिथं एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्ब बनवायची विद्या त्यांनी हेमचंद्र दास यांच्यासोबत शिकून घेतली. १९०८ साली बापट हिंदुस्थानात परतले ते ती माहिती घेऊनच.

त्याच वर्षी कलकत्त्याला अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. माफीच्या साक्षीदारानं बापटांचं नाव घेतलं. मग सुरू झालं भूमिगत जिणं. नावं बदलून, गावं बदलून चार वर्षं. १९१२ मध्ये ते इंदूरला पकडले गेले. पण पुरेसा पुरावा मिळेना, म्हणून अखेर सुटले आणि पारनेरला परत आले.

तुम्हाला वाटेल, आता या माणसानं काहीतरी मोठं, सनसनाटी केलं असेल. त्यांनी झाडू हातात घेतला. सकाळी उठायचं, आधी घरचा संडास साफ करायचा, मग बाहेर येऊन रस्ता झाडायचा. हे एका दिवसाचं फोटोपुरतं झाडणं नव्हतं, ते त्यांनी आयुष्यभर केलं. १९१४ मध्ये मुलगा झाला, तेव्हा बारशाच्या जेवणाची पहिली पंगत त्यांनी गावातल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांची बसवली. शंभरएक वर्षांपूर्वी, पारनेरसारख्या गावात, ब्राह्मणाच्या घरी. गावानं काय म्हटलं असेल याचा अंदाज तुम्हाला येईलच.

पुढं पुण्यात येऊन ते वृत्तपत्रांत काम करू लागले. आधी चित्रमयजगत, मग मराठा, मग लोकसंग्रह. जोडीला डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचंही काम. १९२० च्या ऑगस्टात पत्नी गेल्या. बापट तेव्हा चाळिशीला टेकले होते. आणि त्याच सुमारास पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या खोऱ्यात, शेतांमध्ये चर खणले जात होते.

डोंगरावरचं पाणी, मुंबईतली गिरणी

ते चर कशासाठी, हे समजायला आधी सह्याद्री समजून घ्यावा लागेल. आपल्याला तो सोपा आहे. आंबोलीला पावसाळ्यात गेलात की तोच सह्याद्री. घाटमाथ्यावर पाऊस बेफाम पडतो. इकडं माथ्यावर उतार पूर्वेला, म्हणून आपली हिरण्यकेशी तिथं उगवते आणि कोकणाकडं पाठ फिरवून गडहिंग्लजकडं येते. तिकडं पश्चिमेला मात्र सरळ कडा. कड्याच्या टोकाला उभं राहिलं की कोकण पार खाली दिसतं.

आता बारावीचं फिजिक्स आठवा. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. तेवढं पाणी पाचशे मीटर उंचीवरून खाली सोडलं तर त्यातून साधारण ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. थोडी गळती धरली तरी एका टाकीमागं एक युनिटहून जास्त वीज हाती लागते. घरातला पंखा दहा-बारा तास सहज फिरेल. तेच पाणी दहा मीटरवरून सोडलं, तर याच्या पन्नासावा हिस्सा. म्हणजे खेळ सगळा उंचीचा. आणि ही उंची सह्याद्रीच्या कड्यानं फुकट देऊ केली आहे. फक्त पूर्वेकडं निघालेलं पाणी माथ्यावरच अडवायचं आणि त्याला पश्चिमेकडं वळवून कड्यावरून खाली उतरवायचं.

ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली होती. तेव्हा मुंबईच्या कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा यायचा लांबून, महाग पडायचा आणि शहरावर धूर धरायचा तो वेगळाच. जमशेटजी १९०४ मध्ये गेले, पण त्यांच्या मुलांनी काम पुढं नेलं. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याच्या आसपास लोणावळा, वळवण आणि शिरवता असे तीन तलाव बांधले. ते बोगद्यांनी आणि कालव्यांनी एकमेकांना जोडले. सगळं पाणी कड्याच्या तोंडाशी आणून जाड पोलादी नळांतून खोपोलीला खाली सोडलं. खाली पोचेपर्यंत त्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नास पटींवर जातो. ती धार चाकावर आदळते, चाक जनित्र फिरवतं, आणि तारांवरून वीज मुंबईला जाते. १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली.

मग शेजारच्या खोऱ्यात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आणि खाली भिवपुरीचं वीजघर, ते १९२२ मध्ये चालू झालं. आणि तिसरं पाऊल म्हणजे निळा आणि मुळा नद्यांच्या संगमापाशी मुळशीचं धरण, खाली कोकणात भिऱ्याचं वीजघर. वर तलावांची रांग, खाली वीजघरांची रांग, आणि सगळ्यांच्या तारा शेवटी एकाच शहराकडं. तीन वीजघरांतून बाहेर पडणारं पाणी पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या कोकणातल्या नद्यांना मिळतं. जे पाणी भीमेकडं जायचं, ते अरबी समुद्राकडं वळलं.

कागदावर पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. पैसा हिंदी माणसांचा, कंपनी हिंदी, धूर नाही, राख नाही. आज आपण जिला हरित ऊर्जा म्हणतो, ती शंभर वर्षांपूर्वी सह्याद्रीत तयार होत होती. स्वदेशीच्या चळवळीत वाढलेल्या माणसानं तर टाळ्याच वाजवायला हव्या होत्या.

पण कागदावर तलावाचा तळ निळ्या रंगानं भरलेला असतो. प्रत्यक्षात तिथं गावं होती.

आंबेमोहराची खाचरं

मुळशीचं खोरं आंबेमोहर तांदळासाठी नावाजलेलं. डोंगरातून उतरणारी माती पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून अडवायची, खाचर तयार करायचं, त्यात चिखलणी, मग लावणी. आपल्याकडं आजऱ्याच्या घनसाळाचं जे कौतुक, तेच तिकडं आंबेमोहराचं. अशी जमीन एका पिढीत तयार होत नाही. तलावाच्या पाण्याखाली जाणार होती पन्नासएक गावं, आणि दहा हजारांच्या घरात माणसं.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रीतसर जमीन ताब्यात येण्याआधीच चाचणीचे चर शेतांत पडू लागले. १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. त्याच्या आधारे सरकार खासगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत होतं. मोबदला म्हणून रोख रक्कम. जमिनीला जमीन नाही, गावाला गाव नाही, आणि नाही म्हणायचा अधिकार तर नाहीच.

त्यातही एक मेख होती. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापोटी पुण्यातल्या सावकारांकडं गेलेल्या. राबणारा मावळा, कागदावर नाव सावकाराचं. म्हणजे नुकसानभरपाई आली तरी ती कुणाच्या हातात पडणार? शेत जाणार एकाचं, पैसे मिळणार दुसऱ्याला. सावकार मंडळींना धरण नको होतं, असं सुरुवातीला वाटलं. पण दर चांगला मिळतोय म्हटल्यावर त्यातल्या अनेकांचा सूर बदलला. पुढं लढा मोडला त्याचं एक मोठं कारण हेच. तुमच्यापैकी जे सामाजिक शास्त्रं शिकताहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. प्रकल्पग्रस्त हा शब्द एक असला तरी त्याच्या आत वेगवेगळी माणसं असतात. जमीन मालकाची असते, कुळाची असते, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही अशा मजुराचंही पोट त्याच जमिनीवर असतं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजाराहून जास्त मावळे बायकापोरांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले. हत्यार नाही, दगड नाही. नुसतं बसायचं. गांधींच्या असहकाराचं वारं देशभर नुकतंच सुटलेलं, आणि मुळशीचा अडाणी म्हणवला जाणारा शेतकरी ते वापरत होता, तेही इंग्रजांच्या नव्हे तर एका हिंदी कंपनीच्या विरोधात. गांधींनीही टाटांनी फेरविचार करावा अशी भूमिका आपल्या साप्ताहिकातून घेतली. काम बंद पडलं. शेवटी कंपनीनं सहा महिने काम थांबवायचं मान्य केलं.

विनायकराव भुस्कुटे गावागावांत फिरून संघटना बांधत होते, आणि बापट त्यांच्या सोबतीला उभे राहिले. पॅरिसला बॉम्ब शिकून आलेला माणूस आता लोकांना मार खा पण हात उचलू नका, असं शिकवत होता. मावळ्यांनी त्यांना सेनापती मानलं ते इथं.

सहा महिने सरले. डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि सत्याग्रहही. पण या वेळी सरकार तयारीत होतं. धरपकड, दंड, तुरुंग. शेकडो लोक आत गेले, त्यात बायाही होत्या. बापटांनाही तुरुंग झाला. सुटले, परत आले, परत तुरुंग. दरम्यान पुण्यातल्या पुढाऱ्यांत मतभेद झाले. सावकार बाजूला सरकले. मावळा एकटा पडला. खायला नाही, कोर्टात जायला पैसा नाही. एकेक गाव भरपाई घेऊन उठू लागलं. भिंत मात्र रोज वर चढत होती.

१९२४ च्या डिसेंबरात बापटांनी शेवटचा प्रयत्न केला. मोजके साथीदार घेऊन त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली. या वेळी त्यांच्या हातात शस्त्र होतं. पळून जायचा बेत नव्हताच. अटक झाली, खटला झाला, सात वर्षांची शिक्षा झाली.

इथं तुम्ही मला अडवाल. रामनवमीला निःशस्त्र बसलेला माणूस साडेतीन वर्षांनी शस्त्र घेऊन गाडी अडवतो, हे बरोबर होतं का? त्या वेळीही पुष्कळांना ते पटलं नव्हतं. गांधींच्या सत्याग्रहाच्या व्याख्येत ते बसणारं नव्हतंच. मलाही ते बरोबर होतं असं म्हणता येत नाही. पण ज्या माणसांनी तीन वर्षं शांतपणे सगळं करून पाहिलं आणि ज्यांचं कुणी ऐकलं नाही, त्यांच्या सेनापतीनं केलेली ती गोष्ट आहे, एवढं ध्यानात ठेवून तिचा निवाडा करायला हवा. त्याची किंमत त्यांनी दुसऱ्या कुणाला मोजायला लावली नाही. स्वतःची सात वर्षं दिली.

बापट तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, भिऱ्याचं वीजघर चालू झालं. आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली गेली होती. मुंबईच्या गिरण्यांची चाकं त्या पाण्यावर फिरू लागली.

हरल्यानंतर

चव्वेचाळिसाव्या वर्षी आत गेलेला माणूस पन्नाशीत बाहेर आला, १९३१ साली. लढाई संपलेली, गावं बुडालेली. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. बापटांनी मुंबईत भाषण केलं आणि राजद्रोहाखाली पुन्हा आत गेले. सुटले थेट १९३७ मध्ये. पुढं सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं काम त्यांनी अंगावर घेतलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवायचा मान त्यांना मिळाला.

स्वातंत्र्य मिळालं, वय झालं, आता आराम, असंही त्यांनी केलं नाही. मे १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या हद्दीत शिरणाऱ्या सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत नानासाहेब गोऱ्यांसोबत बापट होते. पंचाहत्तरीला टेकलेले. आपल्या घाटाखालच्याच मुलखातली ही गोष्ट. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. आपण सीमेवरची माणसं, निपाणी-बेळगाव आपल्याला शेजारघर. त्या चळवळीचे दिवस घरातल्या आजोबांना विचाराल तर बापटांचं नाव निघेल. २८ नोव्हेंबर १९६७ ला वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले.

आता तो मुंबईतला रस्ता परत आठवा. सेनापती बापट मार्ग जातो तो लोअर परळच्या गिरणगावातून. ज्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी मुळशी बुडाली, त्या गिरण्यांच्या भिंतींलगतच्या रस्त्याला मुळशीसाठी लढलेल्या माणसाचं नाव आहे. गिरण्याही आता गेल्या. तिथं मॉल आणि काचेची ऑफिसं उभी आहेत. धरणं मात्र अजून काम करतात. खोपोली, भिवपुरी, भिरा ही तीनही ठिकाणं आजही मुंबईला वीज देतात. भिऱ्याला तर मागणी कमी असताना खालचं पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं आणि गरज पडली की परत सोडायचं, अशीही सोय नंतर झाली. वीज साठवायची ही युक्ती सौरऊर्जेच्या दिवसांत फार मोलाची ठरते आहे. म्हणजे इंजिनीअरिंग म्हणून ते काम पहिल्या प्रतीचं होतं आणि आहे. हे कबूल करायला आपण कचरायचं कारण नाही.

मग बापट चुकले का?

ते विजेच्या विरोधात होते असं धरलं तर हो. पण त्यांचं भांडण विजेशी नव्हतं. मुंबईला उजेड हवा हे खरं, पण त्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यानं जमीन द्यायची हे ठरवलं कुणी, त्याच्या संमतीशिवाय ठरवलं का, आणि बदल्यात त्याला मिळालं काय, हे त्यांचे प्रश्न होते. धरणाच्या विरोधात संघटितपणे उभे राहिलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांमध्ये मुळशीची गणना होते. आणि हे प्रश्न तिथं बुडाले नाहीत. पुढं कोयना झालं. तिथंही कल्पना तीच, घाटमाथ्यावर पाणी अडवायचं आणि बोगद्यातून कोकणाच्या बाजूला सोडायचं. महाराष्ट्राच्या घराघरांत उजेड आला आणि कोयनेची माणसं गावं सोडून दूरवर पांगली. १९७६ साली महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. मुळशीनंतर पन्नास वर्षांनी. १८९४ चा भूसंपादन कायदा बदलून देशात नवा कायदा यायला तर २०१३ उजाडलं. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, असं त्यात लिहिलं गेलं. मुळशीच्या मावळ्याला जे कुणी विचारलं नव्हतं, ते विचारणं कायद्यात यायला ९२ वर्षं लागली. ते विचारणं नीट होतं की नाही, हे बघणं आता तुमच्या पिढीकडं आहे.

आपल्या दारात

हे सगळं लांबचं वाटत असेल तर एक दिवस चंदगडच्या बाजूला जा. तिलारीनगरला वर धरण आहे. तिथलं पाणी कड्याखाली दोडामार्ग तालुक्यात उतरतं आणि साठ मेगावॅटचं वीजघर चालवतं. त्या ठिकाणाला लोक वीजघरच म्हणतात. वीज करून झाल्यावर तेच पाणी खाली आणखी एका मोठ्या धरणात साठतं आणि महाराष्ट्र-गोव्याच्या शेतीला जातं. टाटांनी लोणावळ्याला जे केलं, त्याचंच हे आपलं धाकटं भावंड. घाट उतरताना वर पाणी आणि खाली वीजघर कसं जुळवलंय हे नकाशा घेऊन बघा, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर समजेल.

आणि आजऱ्याकडं वळलात तर चित्री, आंबेओहळ, उचंगी. चित्रीचं पाणी हिरण्यकेशीत येतं तेव्हा उन्हाळ्यात आपला ऊस तगतो, आपल्या नळाला पाणी येतं. आंबेओहळ आणि उचंगी ही धरणं पुनर्वसनाच्या प्रश्नावर किती वर्षं अडून राहिली होती, हे तुम्ही लहानपणापासून पेपरात वाचत आला आहात. तेव्हा आपल्यातल्याच काहींना वाटायचं, ही माणसं उगीच काम अडवताहेत, पाणी आलं असतं तर बरं झालं असतं. मुळशीच्या वेळी मुंबईतल्या माणसालाही अगदी हेच वाटत होतं. आणि आपल्याला असं वाटू शकतं, कारण या बाबतीत आपण मुंबईच्या जागी आहोत. पाणी आपल्याकडं येतं, गाव त्यांचं जातं.

मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. धरणं नकोत असंही म्हणत नाही. ज्या लाईटखाली तुम्ही हा पेपर वाचताय, ती कुठून तरी आलेली आहेच. उद्या तुमच्यातलाच कुणी जलसंपदा खात्यात इंजिनीअर होईल, कुणी तलाठी, कुणी वकील, कुणी जिल्हा परिषदेत निवडून जाईल. तेव्हा एखादा नकाशा तुमच्या टेबलावर येईल आणि त्यात एक भाग निळ्या रंगानं भरलेला असेल. त्या निळ्याखाली काय आहे हे सहीआधी जाऊन बघायचं की नाही, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. मेकॅनिकल शिकायला एडिंबरोला गेलेल्या बापटांनी ते जाऊन पाहिलं होतं.

तोवर दोन गोष्टी करा. पुढच्या वेळी पुण्याला गेलात की एसबी रोडच्या पाटीवरचं पूर्ण नाव वाचा आणि सोबतच्या मित्राला ही गोष्ट सांगा. आणि कॉलेजात, तुमच्याच बाकावर असं एखादं पोर बसत असेल, ज्याला गाव कुठलं असं विचारलं की ते उलट विचारतं, जुनं सांगू का नवं? त्याला हसण्यावारी नेऊ नका. कॅन्टीनला चहा घ्या आणि जुनं कसं होतं ते त्याच्याकडून ऐकून घ्या. त्यानं ते पाहिलं नसेल, तर त्याच्या आजीला विचारायला त्याच्या घरी जा.